६६ की ७३: बायबलमधील पुस्तकांचा वाद

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती घरांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची सोयरीक आता नवलाची राहिलेली नाही. आमची आत्या प्रोटेस्टंटांच्या व्हाइट चर्चमध्ये वाढलेली, तर आतोबा मूळचे वसईचे आणि रविवारी कॅथलिकांच्या रेड चर्चमध्ये मिस्साला जाणारे. त्यामुळे बायबलमध्ये पुस्तके प्रोटेस्टंट म्हणतात तशी ६६ की कॅथलिक म्हणतात तशी ७३, हा वाद आमच्याकडे जेवणाच्या पानावरही रंगतो. ‘तुमच्या लूथरने सात पुस्तके काढून टाकली’ आणि ‘तुमच्या ट्रेंटच्या परिषदेने ती १५४६ साली घुसडली’ ही दोन वाक्ये त्यात ठरलेली असतात (लूथर हा सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, ट्रेंटची परिषद कॅथलिक चर्चची), आणि माझ्या मते दोन्ही खोटी आहेत.

नव्या कराराच्या २७ पुस्तकांविषयी तंटा नाही. तो आहे जुन्या कराराविषयी, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागाविषयी. टोबीत, यहूदीथ, ज्ञानग्रंथ, बेन सिरा, बारूख आणि मक्काबींची दोन पुस्तके ग्रीक जुन्या कराराबरोबर आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत वाचली जात होती, परंतु यहुदी धर्मगुरूंनी मान्य केलेल्या हिब्रू संग्रहात ती नव्हती. आरंभीच्या ख्रिस्ती धर्मपंडितांपैकी जेरोमचा कल हिब्रूकडे होता आणि ऑगस्टीनचा ग्रीककडे. हिप्पो (३९३) व कार्थेज (३९७) येथील परिषदांच्या याद्यांत ही पुस्तके आहेत, म्हणजे ट्रेंटने ती नव्याने आणली नाहीत; जो प्रश्न हजार वर्षे थोडा सैल राहिला होता, त्याची गाठ मात्र तिने कायमची आवळली. लूथरनेही १५३४च्या जर्मन बायबलमधून ती वगळली नाहीत. दोन करारांच्या मध्ये स्वतंत्र छापून, ती पवित्र शास्त्राच्या तोडीची नसली तरी वाचण्यास उपयुक्त आहेत, असे त्याने लिहिले. १६११च्या इंग्रजी बायबलमध्येही ती होती.

मग आत्याच्या बायबलमध्ये ती का नाहीत? याचे उत्तर धर्मशास्त्राइतकेच छापखान्यात आहे. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ साली, मुख्यतः स्कॉटलंडमधील सभासदांच्या दडपणामुळे, या पुस्तकांवर निधी न खर्चण्याचे ठरवले. आणि जगभर स्वस्तात पोहोचणारी बायबले बहुतांशी अशाच संस्थांची असल्याने, पुढच्या पिढ्यांना ६६ हा आकडा जणू आकाशातून उतरल्यासारखा वाटू लागला.

यात प्रोटेस्टंट वाचकाचे नुकसान झाले, असे मी स्पष्टपणे म्हणेन. नव्या करारातील योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू हिवाळ्यात, मंदिराच्या समर्पणाच्या सणाला यरुशलेमेत फिरताना दिसतो. हा सण जुन्या कराराच्या ३९ पुस्तकांत कोठेच सापडत नाही. ग्रीक राजा अंतिओखसाने मंदिर कसे विटाळले आणि यहुदी सेनानी यहूदा मक्काबीने ते शुद्ध करून वेदी पुन्हा कशी उभारली, ही हकीकत मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात आहे.

खरी ठिणगी मात्र मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायाने पडली. लढाईत पडलेल्या सैनिकांची प्रेते उचलताना प्रत्येकाच्या अंगरख्याखाली यामनिया नगरातील मूर्तींचे ताईत निघतात. तेव्हा यहूदा सुमारे २,००० द्राख्मे चांदी गोळा करून त्यांच्या पापार्पणासाठी, म्हणजे पापाच्या प्रायश्चित्ताच्या बलीसाठी, यरुशलेमेला पाठवतो. १५१९च्या लाइपझिग येथील जाहीर वादात योहान एक (Eck) या कॅथलिक धर्मपंडिताने शुद्धिस्थानाच्या, म्हणजे मृतात्मे स्वर्गात जाण्यापूर्वी जेथे शुद्ध होतात त्या अवस्थेच्या, समर्थनार्थ हाच आधार काढला, आणि लूथरने उत्तर दिले की सिद्धांत ठरवण्याइतका या पुस्तकाला अधिकार नाही. वादात अडचण होताच पुस्तकाचा अधिकार नाकारावा, हे मला फारसे रुचत नाही. जेरोमची शंका हजार वर्षांहून जुनी होती, एवढे मात्र लूथरच्या बाजूने म्हणता येते.

तरीही हा उतारा शुद्धिस्थानाचा पुरावा आहे, हे आतोबांचे म्हणणे मला पटत नाही. त्यात मृतांसाठी प्रार्थना आहे, त्या स्थानाचे वर्णन नाही. शिवाय त्या सैनिकांचा दोष मूर्तिपूजेचा, म्हणजे कॅथलिक शिकवणीप्रमाणेही गंभीर पापाच्या कोटीतला, आणि तसे पाप घेऊन मेलेल्याला शुद्धिस्थान नसते. मरताना त्यांनी पश्चात्ताप केला असेल, असे आतोबा म्हणतात; मजकुरात तसे एकही वाक्य नाही.