घरची भट्टी आणि आयआयटीचा फुकट कोर्स: सातव्या आठवड्यापर्यंतचा हिशोब

मंडळी, मेटल कास्टिंगचा (म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कामाचा) एनपीटीईएलवरचा कोर्स बारा आठवड्यांचा, त्यातला सातवा संपलाय, असाइनमेंट सगळ्या वेळेत भरल्यात आणि मार्क बरे पडालेत. पाऊस अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळं उघडीप मिळेल त्या रविवारी भट्टी पेटते आणि बाकी वेळ लेक्चर. आपल्यासारख्या परसात ॲल्युमिनियम वितळवणाऱ्याला या कोर्सचा काही फायदा आहे का, की नुसतं कॉलेजच्या पोरांचं प्रकरण आहे, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं, म्हणून हे सविस्तर लिहालोय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनपीटीईएल म्हणजे आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून २००३ मध्ये सुरू केलेला प्रकार, सगळी व्हिडिओ फुकट, कोर्सला नाव नोंदवणं पण फुकट, पैसे लागतात ते फक्त शेवटी सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची असेल तर. सर्टिफिकेटला असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ धरतात, बारापैकी चांगल्या आठ असाइनमेंट मोजतात. डिग्री कुणी विचारत नाही. मी बी.कॉम., दिवसा पतसंस्थेत, मला कुणी गेटवर अडवलं नाही. परीक्षेचं अजून ठरवलं नाही, सर्टिफिकेट घेऊन मला कुठं नोकरीला लागायचंय.

पहिले दोन आठवडे खरं सांगायचं तर रटाळ आहेत, कास्टिंगचा इतिहास, प्रकार, कशाला काय म्हणतात, पॅटर्नचे (साच्यात ठसा उठवायच्या नमुन्याचे) प्रकार, ते पावणेदोन स्पीडनं बघा काही बिघडत नाही. वाळूचं लेक्चर मात्र स्लो बघा. अण्णा (शेजारचे, कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्यभर मोल्डिंग म्हणजे वाळूचे साचे करायचं काम केलेले, आता रिटायर) वाळू मुठीत दाबून बघतात, बोटांचे ठसे उठले पाहिजेत आणि ढेकूळ मोडलं की कडा सरळ पाहिजे, झालं. मी आता त्याच्यासोबत कोर्समधलं पण करतोय, १०० ग्रॅम वाळू काट्यावर मोजायची, तव्यावर पूर्ण सुकवायची, परत मोजायची, जेवढे ग्रॅम कमी झाले तेवढे टक्के पाणी. अण्णांनी 'बरोबर हाय' म्हटलेली वाळू ४ ते ५ टक्क्यांच्या मध्येच निघते, दर वेळी. आता या पावसाळी हवेत वाळू रात्रीत ओल धरते तेव्हा काटा कामाला येतो, पण हात तो हातच.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या आठवड्यापासून एक गोष्ट डोक्यात बसत गेली ती म्हणजे आपल्या कोल्हापुरातलं ओतकामाचं सगळं शहाणपण लोखंडाचं आहे. उद्यमनगर घ्या, शिरोली घ्या, गोकुळ शिरगाव घ्या, ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार), इंजिनाचे पार्ट, ट्रॅक्टरचे पार्ट, पंपाच्या बॉड्या. कुठल्याबी मोल्डरला विचारा, तो जे सांगेल ते लोखंडाला शंभर टक्के खरं. आणि आपण घरी ओततो ॲल्युमिनियम. इथंच सगळी गोम आहे आणि ही कोर्स केल्याशिवाय मला तरी कळली नसती.

उदाहरण रायझरचं, म्हणजे पार्ट गोठून आकसताना त्याला रस (वितळलेला धातू) पुरवायला साच्यात ठेवलेल्या जादा साठ्याचं. ड्रिल स्टँडचा ब्रॅकेट ओततोय हे मागं लिहिलं होतं, त्याच्या एका टोकाला खांबावर बसणारी जाड गाठ आहे, ४० मिमी व्यास, ४० मिमी उंची, भोक नंतर पाडायचं. त्या गाठीच्या माथ्यावर दर वेळी खड्डा. अण्णांनी सांगितलेला रायझर २५ मिमीचा, त्यांच्या हिशोबानं भरपूर. कोर्समध्ये च्वोरिनोव्हचा नियम आला, हा नियम १९४० चा, तो असा की गोठायला लागणारा वेळ हा आकारमान भागिले पृष्ठभाग याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. चहा बशीत ओतला की लवकर गार होतो तेच हे, फक्त आकड्यात. या भागाकाराला मॉड्युलस म्हणतात. उंची आणि व्यास सारखे असलेल्या दंडगोलाचा मॉड्युलस सरळ व्यास भागिले ६ येतो, म्हणजे गाठीचा ६.७ मिमी आणि तेवढ्याच उंचीच्या २५ च्या रायझरचा ४.२. वर्ग काढला की गाठीला लागणाऱ्या वेळाच्या चाळीस टक्क्यातच रायझर गोठून मोकळा. म्हणजे रायझरनं गाठीला रस पुरवायचा तर राहूदे, आधी गोठल्यामुळं आकसताना तोच गाठीतला रस ओढून घेणार. खड्डा पडणार नाही तर काय होणार!

नियमाप्रमाणं रायझरचा मॉड्युलस गाठीच्या १.२ पट पाहिजे, म्हणजे ८ मिमी, म्हणजे व्यास ४८. पण गाठीला ब्रॅकेटची पट्टी चिकटलीय, तेवढ्या भागातून उष्णता बाहेर जात नाही, म्हणून मी सरळ ५० चा केला, उंची पण ५०, गाठीच्या बाजूला, मध्ये आखूड मान. मान बारीक ठेवून चालत नाही बरं का, मानच आधी गोठली तर मागं कितीबी मोठा रायझर असून उपयोग शून्य.

अण्णा कट्ट्यावर बसून बघत होते. 'ब्रॅकेट ओतालाईस का रायझर?' म्हणे. त्यांचं पण बरोबर, ५० च्या रायझरचं वजन येतं २६५ ग्रॅमच्या आसपास आणि गाठ आहे १३५ ग्रॅमची. मी म्हटलं अण्णा बघा की, हिशोबानं केलाय. तर 'एवढं डोकं लोखंडाच्या पार्टाला लावलं असतं तर शेठनं मला दुसऱ्या दिवशी हाकलला असता.'

खड्डा गेला. कापून बघितलं, आत पण भरीव.

आणि अण्णा लोखंडाच्या बाबतीत का बरोबर आहेत हे पण कोर्समध्येच मिळालं. ग्रे आयर्न गोठताना त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो, ग्रॅफाइटची घनता २.२ च्या आसपास आणि लोखंडाची ७ च्या वर, त्यामुळं तो जागा जास्त घेतो आणि रसाचं आकसणं बरंचसं आतल्या आत भरून निघतं, साचा घट्ट ठोकलेला असला की झालं. म्हणून लोखंडाला बारका रायझर पुरतो, कधी कधी लागतच नाही. ॲल्युमिनियममध्ये असलं फुगणारं काही नाही, ते गोठताना साडेसहा टक्क्यांच्या आसपास आकसतं आणि ते सगळं बाहेरून भरावं लागतं. हे अण्णांना सांगितलं तर ते गप्प झाले नाहीत हां, म्हणाले 'आमच्यात म्हणूनच बॉक्सावर वजन ठेवत्यात', म्हणजे रस फुगून साचा ढकलतो हे त्यांना माहीतच होतं. वजनं ठेवायचं मुख्य कारण रसानं साच्याचा वरचा बॉक्स उचलला जाऊ नये हे, पण ते वाद घालायला बसले की उठत नाहीत म्हणून मी विषय बदलला.

गेटिंगचं, म्हणजे रस साच्यात न्यायच्या वाटांचं पण तसंच. स्प्रू ही उभी वाट, रनर आडवी आणि गेट म्हणजे पार्टात शिरायचं तोंड. लोखंडवाले गेट बारीक ठेवतात, रस दाबात राहतो, मळी रनरमध्ये अडकते, त्यांना ते सोयीचं. ॲल्युमिनियमच्या रसावर क्षणात ऑक्साइडची साय धरते आणि रस जोरात उसळला की ती साय घडी होऊन आत जाते, वरून कास्टिंग चकाचक आणि वाकवलं की कागदासारखं फाटतं. कॅम्पबेल नावाचे या विषयातले मोठे संशोधक आहेत, त्यांचं म्हणणं रसाचा वेग गेटमधून सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर जाऊ देऊ नका. आता हिशोब करून बघा, वरून पडणाऱ्या कुठल्याबी द्रवाचा वेग अर्धा मीटर व्हायला किती पडावं लागतं? १३ मिमी. फक्त! बोटाच्या रुंदीएवढं. आमच्या बॉक्समध्ये वरच्या ओतायच्या कपातल्या रसाच्या पातळीपासून स्प्रूच्या तळापर्यंत १०० मिमी आहेत, तिथं वेग होतो १.४ मीटर. म्हणजे स्प्रूच्या तळापेक्षा रनर आणि सगळे गेट मिळून, दोन्ही प्रत्येकी तिप्पट तरी मोठे पाहिजेत, ॲल्युमिनियमला १:४:४ (स्प्रू:रनर:गेट) वगैरे प्रमाण देतात ते याच्यासाठी. हे वाचून पाठ केलं असतं तर दुसऱ्या दिवशी विसरलो असतो, पण स्वतःच्या बॉक्सची उंची घालून गणित केलं की अंगात बसतं.

त्याच लेक्चरमध्ये स्प्रू खाली निमुळता का करायचा ते. रस खाली येताना वेग वाढतो म्हणजे धार बारीक होते, स्प्रू सरळ पाइपसारखा ठेवला तर धार भिंतीपासून सुटते आणि मध्ये हवा ओढली जाते. मी आतापर्यंत पीव्हीसी पाइपचा तुकडा रोवून स्प्रू करायचो, बरेच जण करतात. माझ्या कपात रस २५ मिमी उभा राहतो आणि तळापर्यंत १००, तर वरचं क्षेत्रफळ खालच्याच्या दुप्पट पाहिजे, म्हणजे वर १६ मिमी तर खाली ११ च्या जरा वर. सुताराकडून सागवानी खुंटी तासून घेतली, वॉर्निश मारलं, मस्त सुटते वाळूतून. कप ओतताना सारखा भरलेला ठेवायचा एवढं लक्षात ठेवा नाहीतर हे सगळं गणित पाण्यात.

पाचवा आणि सहावा आठवडा उष्णतेचा आहे आणि इथं बरेच जण कोर्स सोडणार हे मी आत्ताच लिहून देतो. एरर फंक्शन वगैरे येतं, फळा भरून डेरिव्हेशन, आमच्या कॉमर्सवाल्याच्या डोक्यावरून विमान गेलं. पण सोडू नका. डेरिव्हेशन जाऊदे, शेवटी जो निकाल येतो तो धरा आणि पुढं चला, असाइनमेंटमध्ये बहुतेक आकडे घालून काढायची गणितंच येतात. खरा माल याच दोन आठवड्यांत आहे. कुठला भाग आधी गोठणार आणि कुठला नंतर हे कागदावर रंगवून बघायची सवय लागली की साचा करायच्या आधीच अर्धे दोष दिसतात.

भंगाराबद्दल पण लिहितो कारण हा प्रश्न सारखा येतो. खिडक्यांच्या सेक्शनचं ॲल्युमिनियम आणि गाडीचे पिस्टन यांत एवढा फरक का? पिस्टनमध्ये सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास असतं, ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा युटेक्टिक पॉइंट (म्हणजे सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण) १२.६ टक्क्यांना, ५७७ अंशांवर, म्हणजे शुद्ध ॲल्युमिनियमच्या ६६० पेक्षा बरंच खाली वितळतं, पातळ धावतं आणि थोड्याच अंशांच्या आत गोठून जातं. आकसायचा खड्डा एका जागी पडतो, तो रायझरमध्ये ढकलता येतो. सेक्शनचं ॲल्युमिनियम बऱ्याच मोठ्या टप्प्यात खिचडीसारखं गोठत राहतं, बारीक भोकं सगळीकडं पसरतात आणि कोपऱ्यात तडे जातात, कारण ते ओतायला बनवलेलंच नाही. गॅरेजवाल्याशी ओळख ठेवा, जुने पिस्टन गोळा करा, कार्बन खरवडा, गजन पिन काढा.

बारीक टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांचं दुसरं कारण हायड्रोजन. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन घनापेक्षा वीसएक पट जास्त मावतो, गोठताना तो बाहेर पडतो आणि आत अडकतो. येतो कुठून तर ओलीतून, भंगाराची ओल, ढवळायच्या सळईची ओल, नवीन मुशीची ओल. आणि रस जेवढा जास्त तापवाल तेवढा जास्त मावतो. लोखंडवाला रसाच्या रंगावरून सांगतो ओत म्हणून, ॲल्युमिनियम ७०० ला दिवसा धड रंग पण दाखवत नाही, पांढरं ते पांढरंच दिसतं, आपण अजून जरा अजून जरा करत नको तेवढं तापवतो. के टाइप थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजायचं साधन) घ्या, आमच्याकडं शाहूपुरीत मिळाला, आणि ७२० च्या आसपास ओता. उघडा टोकाचा थर्मोकपल थेट रसात घालू नका, ॲल्युमिनियम त्याला खाऊन टाकतं, वरून म्यान पाहिजे.

आणि पावसाळा आहे म्हणून परत एकदा, पाण्याची वाफ झाली की ती दीड हजार पटीहून जास्त जागा घेते, ओल्या फरशीवर किंवा ओल्या साच्यात रस पडला तर तो उडतो, सरळ तोंडावर. खाली कोरड्या वाळूचा थर, पायात चामड्याचे बूट, तोंडावर शील्ड, सळई आणि पळी आधी भट्टीच्या तोंडावर तापवून घ्यायची. कोर्समध्ये हे आहे पण ते फाउंड्रीच्या हिशोबानं, परसात पोरं फिरत असतात हे प्रोफेसरांना कुठं माहीत.

पॅटर्नबद्दल एक राहिलं. कोल्हापुरातल्या पॅटर्नमेकरकडून काही करून घेणार असाल तर 'ॲल्युमिनियमसाठी' असं आधी सांगा, तो सवयीनं लोखंडाचा संकोच (गार होताना आकसतं म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा) धरतो, मीटरला १० मिमीच्या आसपास, ॲल्युमिनियमला १३ लागतो. बारक्या पार्टाला फरक पडत नाही, पुली मोठी असली की बेअरिंग बसत नाही.

आता आठव्या आठवड्यात कोअर आहेत, म्हणजे भोकाच्या जागी साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे. ब्रॅकेटची गाठ भरीव ओतून भोक पाडण्यापेक्षा कोअर टाकला तर गाठच पातळ होते, मॉड्युलस कमी, रायझर पण लहान करता येईल, कागदावर तरी ३५ पर्यंत खाली येतोय. रायझरच्या उघड्या तोंडावर ओतल्या ओतल्या कोळशाची भुकटी टाकून पण बघणार आहे, वरून उष्णता जायची थांबली की अजून कमी होईल. अण्णा म्हणालेत कोअरला काकवी घाल, पूर्वी ते तसंच करायचे, आणि काकवीची आपल्याकडं काय कमी नाही. कुणी काकवी घालून ॲल्युमिनियमसाठी कोअर भाजलाय का, भाजायचं तापमान आणि वेळ किती ठेवला ते लिहा, घरच्या ओव्हनमध्ये करायचं म्हटल्यावर आमच्याकडं आधीच वातावरण तापलंय.