पोरांनी पाऊस मोजून काय होणार?

हा प्रश्न मला पालकसभेत विचारतात, शिक्षक प्रशिक्षणात विचारतात, आणि शाळा बघायला आलेले पाहुणे तोच जरा मऊ करून विचारतात. गावातले एक आजोबा मात्र आडपडदा ठेवत नाहीत. "बाई, पोरांनी बाटलीत पाऊस मोजला म्हणून हवामान बदलायचं थांबणार हाय व्हय?" आता तुम्हीही विचारलंत, की विज्ञानाच्या अशा उपक्रमातून मुलांना हवामान बदलासाठी काही करायची प्रेरणा मिळते का, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

नाही थांबणार. रोजचा पाऊस लिहायच्या आमच्या शाळेच्या वहीमुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड तसूभर कमी होणार नाही, आणि हे मी मुलांनाही पहिल्याच तासाला सांगते. तरी ती वही मी बंद पडू देत नाही.

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सातारा जिल्हा एकच, पण महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. सह्याद्री चढतानाच ढग रिते होतात. आमच्या वाट्याला उरतं ते वारं. टँकरचा हॉर्न वाजला की वर्गातली निम्मी डोकी खिडकीकडे वळतात, कारण घरचे हंडे आज कोण लावणार हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो. अशा मुलांच्या हातात आपण काय देतो? पर्यावरण दिनाची चित्रकला स्पर्धा आणि 'पाणी वाचवा, जीवन वाचवा' लिहिलेला फलक. ज्या घरात चार हंड्यांत दोन दिवस काढतात, त्या घरच्या मुलीला पाणी वाचवायला काय शिकवायचं? ती आपल्याला शिकवेल.

तिला हवामान बदल भाषणाने समजत नाही. भाषणातून एवढंच पोचतं की काहीतरी भयंकर होणार आहे आणि ते आपल्या हाताबाहेर आहे. मोजायला लागली की गोष्ट वेगळी होते.

पर्जन्यमापक आम्ही शाळेतच करतो. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. तळाच्या खाचाखळग्यांत सिमेंट ओतून तो सपाट करायचा आणि त्या सिमेंटच्या पातळीवर पट्टीचं शून्य धरायचं. मग झाडापासून, भिंतीपासून लांब, उघड्यावर खांबाला घट्ट बांधायची. रोज सकाळी साडेआठला वाचायची, कारण भारतीय हवामानशास्त्र विभागही चोवीस तासांचा पाऊस साडेआठलाच मोजतो. वेळ एक असली तरच दोघांचे आकडे शेजारी ठेवता येतात.

दरवर्षी नव्या तुकडीचं एक भांडण ठरलेलं असतं. बाटली एवढीशी, तिच्यात गावाचा पाऊस कसा मावणार? मोठं भांडं ठेवलं तर जास्त पाऊस भरेल की. मी उत्तर देत नाही. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा, वरचा पत्रा कापून, बाटलीच्या शेजारी ठेवायला लावते आणि पावसाची वाट बघतो. एका वर्षी ही वाट चांगलीच लांबली. पाऊस झाला त्या सकाळी मुलं घंटेच्या आधी येऊन थांबलेली. डब्यात पट्टी घातली, बाटलीला पट्टी लावली. उंची सारखीच. पुन्हा मोजलं, तीच. कुणी म्हणालं डबा गळका आहे, कुणी म्हणालं पट्टी तिरकी धरली. मग मागे उभा असलेला, एरवी तासाला तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, "डब्यात पाणी जास्त हाय, पण पाऊस तेवढाच हाय." पाऊस लिटरमध्ये न मोजता मिलिमीटरमध्ये का मोजतात, हे इतक्या कमी शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं.

त्याच वाक्यावर पुढचं गणित उभं राहतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं पत्र्याचं छप्पर दीडशे चौरस मीटर धरलं आणि वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर, तर ७५ हजार लिटर. उडून, सांडून, गळून गेलेलं वजा केलं तरी ६० हजार हाताशी येतं. हा आकडा मुलांनी ग्रामसभेत मांडला. कागद हातात धरून वाचणाऱ्या मुलीचा आवाज थरथरत होता, पण मधेच एकाने "एवढं कसं येईल?" म्हटल्यावर ती कागद खाली ठेवून त्यांना छपराची लांबी-रुंदी सांगायला लागली. पन्हाळ आणि टाकी लोकवर्गणीतून झाली. हवामान बदलासाठी कृती म्हणाल तर ही आमची. लहान आहे, पण मुलांनी स्वतः मोजलेल्या आकड्यावर उभी आहे.

आमच्या वहीत तारखेशेजारी नक्षत्राचा रकानाही आहे. घरोघरी आजी-आजोबा पाऊस तारखेने सांगत नाहीत. मृग, आर्द्रा, पुनर्वसू अशी त्यांची मांडणी असते, आणि या भागाचा खरा भरवसा उत्तरा-हस्तावर. शाळू त्यावरच येतो. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" म्हणणाऱ्या माणसाला जून ते सप्टेंबरच्या एकूण बेरजेत फारसा रस नसतो. म्हणून मुलं नक्षत्रवार बेरीज करतात आणि पंचांगात दिलेलं नक्षत्राचं वाहनही लिहून ठेवतात. बेडूक, म्हैस, हत्ती म्हणजे पाऊस चांगला. खरंच पडला का, ते वहीत बघायचं. मी स्वतः काही बोलत नाही. मुलं आकडे काढतात आणि घरी जाऊन आजोबांशी हुज्जत घालतात, आणि ती हुज्जत माझ्या धड्यापेक्षा जास्त काम करते.

इथे एक पथ्य मी कडक पाळते. जून कोरडा गेला की मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, हवामान बदल!" मी थांबवते. एका गावाची काही वर्षांची नोंद म्हणजे हवामानाची चाल नव्हे. सरासरी ठरवायला निदान तीस वर्षं धरतात. माणदेशात दुष्काळ पूर्वीही पडत होते. प्रत्येक कोरड्या आठवड्याचं खापर हवामान बदलावर फोडायला मुलांना शिकवलं, तर उद्या भरपूर पाऊस झाला की तीच मुलं म्हणतील, सगळं खोटं होतं. आपली वही लहान आहे हे कळलं की ती आपणहून मोठ्या वह्या मागतात. मग पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेलं काम दाखवता येतं: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, हा धडा तेव्हा आपोआप जागेवर बसतो. सोडा-व्हिनेगरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाटलीत भरायचा आणि ती उन्हात साध्या हवेच्या बाटलीपेक्षा जास्त तापते हे दाखवायचं, असा एक प्रयोग सगळीकडे करतात. मी तो घेत नाही. त्यात तापमान वाढतं ते बरंचसं त्या वायूच्या जडपणामुळे, हवेची उलथापालथ मंदावल्यामुळे. पटवायचं आहे म्हणून चुकीच्या कारणाने पटवणं मला मान्य नाही.

मुलांना सगळ्यात आवडते ती हवाईच्या मौना लोआ डोंगरावरची वही. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली तिथे कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर गेले आहेत. पण आलेख फळ्याजवळ लावला की मुलांचं बोट त्या चढापेक्षा १९६४ सालच्या बारीक फटीवर जातं. पैशांअभावी तेव्हा काही महिने नोंदी थांबल्या होत्या. "म्हंजे त्यांची पण बुडली होती!" दिवाळीच्या सुट्टीत बाटली कोण वाचणार याच्या पाळ्या त्या दिवशी मुलांनीच लावल्या.

आणि ॲना मणी. १९१८ साली त्रावणकोरात जन्मलेली ही बाई लंडनहून हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेऊन १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आली. परदेशातून येणारी शंभरेक उपकरणं इथेच बनावीत म्हणून तिने त्यांचे प्रमाणित आराखडे तयार करवून घेतले. देशभर सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रं उभारली, पुढे वाऱ्याची मोजणी हाती घेतली. आज आमच्या माळावरून पवनचक्क्या दिसतात. कुठे वारा किती, ऊन किती, हे कुणीतरी आधी वर्षानुवर्षं मोजून ठेवलं, म्हणून तशी यंत्रं उभी करायचा विचार करता येतो. मुलींना मी हे मुद्दाम सांगते.

आता वहीचं एक काम, जे माझ्या डोक्यात सुरुवातीला नव्हतं. विमा, दुष्काळ यांच्या हिशेबात महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा पाऊस धरतात. एका मंडळात कितीतरी गावं, आणि आमच्याकडचा पाऊस असा की ओढ्याच्या पलीकडे पडतो, अलीकडे नाही. एका ऑगस्टमध्ये मोठा खंड पडला. बाजरी पोटऱ्यात येऊन सुकत होती. केंद्रावर मात्र मधे एक सर नोंदली गेली होती. एक पालक शाळेत आले आणि चप्पल बाहेर काढून वर्गात शिरले. "तुमच्या वहीत त्या तारखेला काय हाय?" सातवीतल्या मुलीने पान काढून दिलं. शून्य. त्याच्या वरही शून्य, खालीही शून्य, प्रत्येकापुढे वाचणाऱ्याची सही. ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले, मग मोबाइलवर फोटो काढून घेतला. शाळेची वही सरकारी हिशेबात चालत नाही, आणि त्यांनाही ते माहीत होतं. तरी त्यानंतर गावात कुणी "औंदा पाऊसच न्हाई" म्हटलं की दुसरा म्हणतो, शाळेत विचार. मोठ्या माणसांनी आपल्याकडे येऊन आकडा मागावा, याने तेरा वर्षांच्या मुलीच्या पाठीच्या कण्यात काय फरक पडतो ते मी पाहिलं आहे. तुम्ही प्रेरणा म्हणता ती मला तरी तिथेच दिसली.

झाडं आम्ही लावतो, पण जूनमधल्या फोटोला नाही, तर पुढच्या मेमध्ये किती जगली त्या नोंदीला महत्त्व देतो. आणि माळ खणून झाडं लावत नाही. माळरान पडीक नसतं. चंडोलांचं, लांडग्यांचं ते घर आहे, मेंढरांची चराई आहे, आणि गवताच्या मुळांशी जमिनीत कार्बन साठलेला असतो.

कधीकधी एखादा पाहुणा मुलांना विचारतो, हवामान बदल रोखायला तुम्ही घरी काय करता? पंखे बंद करता ना? मला हे सहन होत नाही. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकन माणूस चौदाच्या आसपास, आणि आमच्या मुलांच्या घरचा वाटा त्या दोनपेक्षाही कितीतरी कमी असणार. ज्यांनी हे केलं नाही त्यांच्या मनात अपराधाची भावना पेरणं हे विज्ञान शिक्षण नव्हे. मी मुलांना हे आकडे काढायला लावते. राग येतो त्यांना, आणि यायलाच हवा. हरिद्वारच्या रिद्धिमा पांडेने वयाच्या नवव्या वर्षी, २०१७ मध्ये, सरकार हवामान बदलावर पुरेसं काही करत नाही म्हणून, पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती, हे ऐकल्यावर एकीने विचारलं, "आपली वही जोडून आपल्यालाबी अर्ज करता येतो का?" येतो, म्हटलं. कसा करायचा ते नागरिकशास्त्राच्या सरांकडून शिका.

आजोबांनाही मी हेच सांगते: थांबणार नाही, पण गावावर काय येतंय ते पोरांना आधी कळेल, आणि कुणी खोटं सांगितलं तर तेही कळेल. ते मान हलवतात, आणि पाऊस झाला की सकाळी फाटकाशी येऊन आकडा विचारून जातात.

तुमच्या शाळेत सुरू करायचं असेल तर बाटली, पट्टी आणि शंभर पानी वही पुरते. कोरड्या दिवशी रकाना मोकळा सोडू नका, शून्य लिहा. मोकळा रकाना म्हणजे वाचलंच नाही, असा अर्थ होतो. वाचणाऱ्याची सही घ्या. आकडा जुळला नाही म्हणून कुणाला रागावू नका, नाहीतर मुलं जुळवून लिहायला लागतात. आणि मृगाची वाट बघत बसू नका. बाटली मार्चअखेरीलाच बांधा, नाहीतर वळीव मोजायचा राहून जातो.