करंटचा शेक आणि त्यानंतरचा अर्धा तास

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कटाई जोरात सुरू झाली की घड वाहून खांदा आणि कंबर धरलेली माणसे आमच्या फिजिओथेरपी दवाखान्यात येऊ लागतात, आणि त्यांतल्या बहुतेकांची मागणी एकच असते : 'ताई, करंटचा शेक द्या.'

या करंटने अंग शेकले जात नाही. त्याचे काम नसांवर चालते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडले की स्पर्शाची जाणीव नेणारे जाड तंतू जागे असले की बारीक तंतूंतून येणारा वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच मंदावतो. टेन्स यंत्र, म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून सौम्य करंट देणारे यंत्र, याच जाड तंतूंना चेतवते. त्यासाठी साधारणपणे सेकंदाला 80 ते 100 स्पंदने दिली जातात आणि करंट ठळक पण सोसवेल अशा मुंग्या येईपर्यंतच वाढवला जातो. आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी) या करंटच्या दुसऱ्या प्रकारात 4000 आणि 4100 हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला तितकी आवर्तने असलेले, दोन प्रवाह एकमेकांना छेदतात. अशा प्रवाहांना त्वचेचा विरोध कमी होतो आणि जिथे ते भेटतात तिथे 100 हर्ट्झचा परिणाम मिळतो.

मात्र फाटलेला स्नायू किंवा दुखावलेला कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) या करंटने सांधला जात नाही, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमांवर, उदाहरणार्थ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीवरील जखमांवर, ड्रेसिंगच्या जोडीला विद्युत उत्तेजनाचा उपयोग होऊ शकतो, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा सुस्तावलेला स्नायू आकुंचित करण्यासाठीही ते वापरतात. कंबरदुखी आणि सांध्यांची झीज यांसाठी मात्र ब्रिटनमध्ये उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना टेन्स देऊ नये असेच सांगतात, कारण फायद्याचा पुरेसा पुरावा नाही.

तरीही मी ते यंत्र बाजूला ठेवलेले नाही. ज्याला आराम पडतो त्याला तो बहुधा करंट चालू असताना आणि त्यानंतर थोडा वेळच मिळतो, आणि दुखऱ्या खांद्याला हलते करण्यासाठी तेवढा वेळ मला फार मोलाचा वाटतो. पॅड काढताच मी रुग्णाला उठवते, भिंतीवर बोटांनी हात वर चढवायला लावते आणि पुढे काही आठवड्यांत भार हळूहळू वाढवते, कारण कंडरा बळकट होतो तो अशा बेताच्या भारानेच. शेक घेऊन थेट घरी जाणारा रुग्ण हा अर्धा तास वाया घालवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हल्ली जळगाव-धुळ्याच्या बाजारातून अनेक जण छोटे यंत्र घरी आणतात, आणि माझी खरी काळजी तिथे आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेली असेल तर करंट किती वाढला हे कळत नाही आणि त्वचा भाजू शकते; म्हणून पॅड लावण्याआधी त्या जागी कापसाचा आणि टोकदार वस्तूचा स्पर्श वेगवेगळा कळतो का, हे तपासून घ्यावे. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय हे यंत्र वापरू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, गर्भवतीच्या पोटावर, कर्करोगाच्या गाठीवर किंवा रक्ताची गुठळी झालेल्या पायावर पॅड लावू नयेत.