पोटानं पाणी पिणारा

पोळ्याला चार दिवस होते. सकाळच्या प्रॅक्टिकलची मांडामांड चालली होती, तेवढ्यात दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन लॅबच्या दारात उभी राहिली. कळमेश्वरकडून पहिल्या एसटीनं आले होते. वडिलांच्या हातात झाकणाचा डबा, त्यात नाल्याचं पाणी.

"मॅडम, नाल्यातले बेंडकं मरून राह्यले. पोळ्याले बैलं थ्याच पाण्यात धुतो आम्ही. धुवावं का नाही, एवढंच सांगा."

हातमोजे चढवून डबा ट्रेमध्ये ओतला. विच्छेदन बंद झाल्यापासून या ट्रेमध्ये बेडूक आलाच नव्हता. दोन मेलेले बेडूक, आणि आठ-दहा टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, अजून जिवंत. पण शेपट्या एका बाजूला मुडपलेल्या, कुशीवर पडून जागच्या जागी गरगरत होते. काचेची कांडी जवळ नेली तरी एकालाही सरळ पळता येईना.

कपाशीवर फवारणी चालू होती, पंप नाल्यातच धुतला होता. औषधाचं नाव विचारलं, तर क्लोरपायरीफॉस.

"पण बेंडूक पाणी पेते का मॅडम? मी तं कधी पेतानी नाही पाह्यलं."

इतकी वर्षं शिकवतेय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी त्यांना मागच्या बागेत नेलं. तिथल्या रांजणाखालच्या ओल्या मातीत एक भेक कायम मुक्कामाला असतो. मागचे पाय फाकवून, पोट मातीला घट्ट चिकटवून बसला होता. म्हटलं, "भाऊ, तो आत्ता पाणीच पितोय."

बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. ओटीपोटाखालची, मागच्या मांड्यांच्या मधली कातडी पातळ असते, तिच्या लगेच खाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. तिथून पाणी आत शिरतं. याच कातडीतून तो थोडाफार श्वासही घेतो, म्हणून ती जाड करून त्याला चालत नाही. पाण्यात जे असेल ते त्याच वाटेनं येतं, आणि तेलात विरघळणारी औषधं तर जास्तच सहज. टॅडपोलला कल्लेही असतात, म्हणजे आणखी एक दार उघडं.

पुढचं मला नेहमीच अस्वस्थ करतं. आलेलं विष निकामी करायचं काम यकृताचं. पण क्लोरपायरीफॉस तिथं पोचलं की यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याचा एक भाग असा बदलतात की तो मूळ औषधापेक्षा कितीतरी जहाल होतो. एरवी मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की एक विकर तो पुसून टाकतं. हे जहाल रूप त्या विकरालाच जखडतं. निरोप पुसला जात नाही, स्नायू आखडलेलाच राहतो. त्या मुडपलेल्या शेपट्या म्हणजे हेच. शरीर ते हळूहळू तोडतं, मूत्रावाटे बाहेरही टाकतं, पण मारा थांबला तर.

हे सांगत आम्ही आत आलो. ते ट्रेवर वाकले आणि माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेलं. लॅबमध्ये तेव्हा लाइट नव्हती, चांगलाच अंधार होता. तशात बाहुल्या मोठ्या दिसायला हव्यात. त्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. कपाळावर घाम.

"फवारलं कोणी?"

"मीच. काल संध्याकाळलोक. पंप गळते थोडासा, पाठ ओली होते."

"डोकं दुखतं? मळमळ?"

"हौ. पित्त असन म्हटलं."

मी प्रॅक्टिकल सहकाऱ्यावर सोपवलं, मुलीला सोबत घेतलं आणि ऑटोनं थेट मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल गाठलं. वाटेत शर्ट काढायला लावला. ते लाजले, मी ऐकलं नाही. माणसाची कातडी बेडकासारखी उघडी नाही हे खरं, पण हे औषध तिलाही अडत नाही, आणि ओला शर्ट काल दिवसभर पाठीला चिकटून होता. डॉक्टरांनी साबणानं अंग धुऊन घेतलं, ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, दिलं. रक्तात तेच विकर तपासलं, ते कमी निघालं. दोन दिवस ठेवून घेतलं.

इकडे मी टॅडपोल क्लोरीन उडून गेलेल्या शिळ्या पाण्यात हलवले, रोज पाणी बदललं. बरेच गेले. तीन उरले, आणि पोळ्याच्या सकाळी त्यातला एक कांडी लागताच सरळ रेषेत सुळकन पळाला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. बैल बोअरच्या पाण्यानं बादलीनं धुतले होते. वडील खाटेवर बसूनच होते, शिंगं रंगवायला तेवढे उठले.