ते वाक्य नानांचं होतं

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. म्हटलं लिहून काढावी, नाहीतर आजही झोप यायची नाही.

परवा पहाटे जपाला बसले होते. बसले म्हणजे अलार्म दोनदा पुढे ढकलून, तोंडावर पाणी मारून, डोळ्यांतली झोप तशीच घेऊन बसले. माळ निम्म्याच्या आसपास आली असेल आणि एकदम माझ्या कादंबरीतले नाना बोलले. अकरा वर्षं त्यांनी देवाचं नाव घेतलेलं नाही आणि गेले तीन आठवडे मी त्यांना दवाखान्याच्या पॅसेजमध्ये त्या बाकावर बसवून ठेवलंय, कारण पुढे ते काय बोलतील हेच मला सुचत नव्हतं. कादंबरी तिथेच अडकली होती. आणि परवा ते बोलले. "तू आहेस का नाहीस ते विचारत नाही. जागा आहेस का, तेवढं सांग."

माळ मांडीवर ठेवली, फोन उचलला आणि टाइप केलं, विसरेन म्हणून. इथपर्यंत माझं काही चुकलं असं मला अजूनही वाटत नाही, असं वाक्य आलं की धरायचं असतं, नंतर ते सापडत नाही. पण मग मी ते कादंबरीच्या फाइलमध्ये टाकायच्या आधी पोस्ट केलं. नुसतं तेवढंच. अवतरणचिन्हं नाहीत, नानांचं नाव नाही, काहीच नाही.

आणि ऑफिसला पोचेपर्यंत दोनशेच्या वर हार्ट्स. माझ्या पोस्टना एवढे कधी येत नाहीत. "किती उत्कट श्रद्धा आहे तुमची", "आज हेच ऐकायचं होतं", आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी पण उलट हात जोडले. प्रत्येकाला. तेच बोचतंय. वाक्य नानांचं आणि हात मी जोडले.

ताई म्हणाली एवढं काय त्यात, लेखकाचं सगळं लेखकाचंच असतं. असेल. पण माझी प्रार्थना मला माहितीये ना. गेले चार-पाच महिने मी तोंडाने नाव घेते आणि मनात क्लोजिंगच्या शीट्स, अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा, परत न केलेले फोन. इतकं सरळ, इतकं खरं मी देवाशी बोललेच नाहीये या वर्षात. ते एका कागदावरच्या माणसाने बोलून दाखवलं, ज्याचा विश्वास उडालाय असं मीच ठरवलं होतं, आणि शाबासकी मी घेतली.

नोव्हेंबर हा महिनाच तसा. 30 दिवसांत 50,000 शब्द लिहायचे, तो नॅनोरायमोचा उपक्रम 1999मध्ये 21 जणांनी सुरू केला होता आणि नंतर लाखो माणसं त्यात आली. ती संस्था 2025च्या मार्चअखेर बंद झाली, तरी आम्ही चौघी आमच्या ग्रुपवर करतोच. रोजचे 1,667 शब्द. रात्री आकडे टाकायचे. बाकी तिघींचे आकडे हजाराच्या खाली येत नाहीत आणि माझे कधी 140, कधी 90, परवा तर शून्य, कारण दिवसभर मी कोणी काय लिहिलंय तेच बघत होते. मग रात्री एक वाजता मला रडू आलं, खरंच आलं, की मला ना धड जप जमतो ना धड लिहिणं, ऑफिसात तर साहेब तोंडावर बोलले, घरात सगळ्यांना वाटतं ही सारखी फोनमध्ये असते, आणि मी काय सारखी मजेत असते का फोनमध्ये? कोणाला काय सांगणार. जाऊ दे.

त्या रात्री फोन बाजूला ठेवताना माझं लक्ष अंगठ्याकडे गेलं. माळ ओढायची हालचाल आणि स्क्रीन सरकवायची हालचाल जवळजवळ सारखीच, बोट तेच, लयही तीच. फक्त माळेला मेरुमणी असतो. 108 झाले की बोटाला तो मोठा मणी लागतो, तो ओलांडायचा नाही, तिथून उलटं फिरायचं. डोळे मिटलेले असले तरी कळतं की एक फेरी झाली. फोनमधल्या त्या न संपणाऱ्या स्क्रोलला असा मणीच नाही. 2006मध्ये ज्याने ते बनवलं त्या एझा रास्किननेही पुढे त्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवलाय. मी त्याला दोष देत नाही, त्याने फोन काही माझ्या हातात कोंबला नाही. पण परवा मी मेरुमणी लागायच्या आधीच उठले आणि जिथे शिरले तिथे तो लागणारच नव्हता, हे मला फार लागलं.

मध्येच अमेरिकन लेखिका फ्लॅनरी ओ'कॉनरची ती वही आठवली. विशीतली मुलगी, आयोवात लिहायला शिकत होती, 1946–47मध्ये एका साध्या वहीत देवाला उद्देशून लिहायची. मला चांगली लेखिका कर, असं सरळसरळ मागायची, लाजली नाही. ती वही छापली गेली 2013मध्ये, ती जाऊन जवळपास पन्नास वर्षं झाल्यावर. म्हणजे तिने ते मागितलं तेव्हा बघणारं कोणी नव्हतं. मी विचार करत बसले, ते वाक्य मी वहीत लिहिलं असतं तर? नानांचंच राहिलं असतं का? का हळूहळू माझं झालं असतं?

कारण खरं सांगायचं तर तो पॅसेज मी कुठून आणला ते मला माहितीये. तो बाक, ती सारखी फडफडणारी ट्यूबलाइट, भिंतीवरचं पुढे गेलेलं घड्याळ. रात्रीचे तीन. मी पण तिथे काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं आणि मग नर्स आली. त्यावर आज नको.

तर मग ते वाक्य अगदीच नानांचं नाही. पूर्ण माझंही नाही. जे मला बोलता आलं नाही ते मी त्यांच्या तोंडी दिलं असेल, आणि त्यांनीही घाई केली नाही, तीन आठवडे बसून राहिले आणि मी जपाला बसल्यावरच बोलले. जप मोडला म्हणून इतकी हळहळले, पण ते त्या जपातच तर आलं. हे मनात आलं तेव्हा छातीवरचं ओझं जरा हललं. या महिन्यात माझ्याकडून तिन्ही गोष्टी नीट होणार नाहीत, हे आता मी धरून चाललेय. निम्मी माळ तर निम्मी. नव्वद शब्द तर नव्वद.

पण एक कमेंट होती तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. कोणीतरी लिहिलं होतं, आईपाशी रात्रभर आयसीयूबाहेर बसलेय, हे तीनदा वाचलं, कोणीतरी माझ्यासारखंच जागं आहे असं वाटलं. तिलाही मी हातच जोडले होते. बाकीच्यांचं एकवेळ ठीक, तिच्याशी असं वागायला नको होतं. शेवटी आज संध्याकाळी तिला मेसेज केला. म्हटलं, ती ओळ माझ्या कादंबरीतल्या एका म्हाताऱ्या माणसाची आहे, मी त्या दिवशी सांगायला हवं होतं, चुकलं माझं. आणि आई कशा आहेत?

तासाभराने उत्तर आलं. आई तशाच आहेत. आणि खाली, "मग त्यांना उत्तर मिळालं का?"

मला माहीत नाही. मी तिथपर्यंत लिहिलेलंच नाहीये. तसंच तिला कळवलं, कळलं की सांगते म्हटलं, मग पोस्टच्या खाली नानांचं नाव टाकलं आणि फाइल उघडली. पॅसेज, बाक, नाना. आज 312 शब्द झालेत, ग्रुपवर टाकले नाहीत. माळ उशाशी घेतलीय. पहाटे ताईला सोडायला जायचंय, त्याच्या आधी बसेन म्हणतेय.