तांब्या भरलेलाच होता

माझ्या पर्समध्ये शिंप्याची टेप कायम असते. सांगलीत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते, अकरा वर्षं झाली. लोकांना वाटतं, ही बाई मशीन घेऊन येणार, करंट लावणार. पण ऑपरेशनच्या आधी मला बोलावलं तर मी पहिल्यांदा उंबरा मोजते. मग कॉटची उंची, मग न्हाणीच्या दाराची रुंदी. वॉकर जवळजवळ दोन फूट रुंद असतो आणि आपल्या जुन्या घरांतली न्हाणीची दारं कधीकधी त्याहून अरुंद. ऑपरेशन झकास होतं, पेशंट घरी येतो आणि दारात अडकतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता टेप काढायला लाजत नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत गावभागातल्या एका घरातून फोन आला. ताईंचं वय ४६, पोळीभाजी केंद्र चालवतात. रोज पहाटेपासून दुपारपर्यंत तव्यापुढे उभ्या. उजव्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला आणि अंगठ्याच्या बुडाशी लालभडक गोळा. ‘हाड वाढलंय’ असं सगळे म्हणतात. खरं तर हाड वाढत नाही, मागचं लांब हाड बाहेर सरकतं, अंगठा उलट बाजूला झुकतो आणि तो कोपरा चपलेला घासून घासून सुजतो. त्यांचा मागचा सांधाही सैल होता, म्हणून डॉक्टर तो सरळ करून स्क्रूनं पक्काच करणार होते. म्हणजे गुडघ्याखालपर्यंत प्लास्टरची पट्टी, टाके दोन आठवड्यांनी, आणि सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार नाही.

“अजिबात म्हणजे?” ताईंनी विचारलं.

“अजिबात म्हणजे बोटसुद्धा टेकवायचं नाही.”

“मग संडासला?”

खरा प्रश्न तोच. संडास परसात, भारतीय पद्धतीचा, दोन पायऱ्या उतरून. शिवाय यांची झोपायची खोली माडीवर. २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांत पाणी शिरलं तेव्हापासून कॉट, कपाट, गाद्या, कागदपत्रं सगळं वर गेलं ते परत खाली आलंच नाही. भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते. तिच्याकडे बघत मी म्हटलं, “जानेवारीत कृष्णा येत नाही हो घरात. कॉट खाली आणा.” त्यांच्या यजमानांनी आणि दोन पुतण्यांनी त्याच संध्याकाळी आणली.

पुढचे दहा दिवस आमची तालीम चालली. पायपुसणी आणि सतरंज्या उचलल्या, कमोडची खुर्ची भाड्यानं आणून पडद्यामागं ठेवली. चार इंचांच्या उंबऱ्यावरून एका पायावर वॉकर कसा पार करायचा ते निरोगी पाय असतानाच वीस वेळा करून घेतलं, कारण दुखताना नवीन काही शिकता येत नाही. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, रोज तीस वेळा. ताई म्हणाल्या, “कणीक मळणारे हात आहेत ओ मॅडम, याला काय होतंय.” आणि खरंच, इतक्या दणकट दंडांची पेशंट मला क्वचित मिळते.

जोडव्यांचा मात्र घोळ झाला. पायाचं ऑपरेशन असलं की बोटात धातू चालत नाही. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला, उजव्या पायाचं जोडवं काही निघेना. अंगठा वर चढून चढून ते बोट सांध्याशी जाड झालेलं. शेवटी सराफकट्ट्यावरच्या माणसानं घरी येऊन बारीक कात्रीनं कापलं. तेवढा वेळ घरात कुणी बोललं नाही. ताईंनी ते दोन तुकडे देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवले आणि म्हणाल्या, “चला, आता काय राहिलं?”

माझी यादी संपली होती. निघता निघता मी सहज म्हणाले, “पहिले पंधरा दिवस रात्रीच्या फेऱ्या जेवढ्या कमी होतील तेवढं बरं. पडण्याची भीती रात्रीच जास्त.” हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक घरात म्हणते. म्हणजे म्हणत होते.

ऑपरेशन मिरजेत झालं, नीट झालं. चौथ्या दिवशी गेले तेव्हा ताई कॉटवर, पायाखाली तीन गोधड्या आणि लोड. पाय छातीपेक्षा वर हवा, नुसत्या एका उशीवर ठेवून काही होत नाही. खाली सोडला की बोटं जांभळी होतात, वर घेतला की परत रंगावर येतात, तसंच होत होतं. मी बोटं हलवून घेतली, गुडघ्याचे व्यायाम घेतले. उशाशी तांब्या होता, वर फुलपात्र पालथं. आठव्या दिवशी गेले तेव्हाही तांब्या होता, भरलेला, फुलपात्र कोरडं. मी पाहिलं. पाहिलं एवढंच.

चौदाव्या दिवशी टाके निघाले, पट्टी जाऊन पट्ट्यांचा काढता-घालता येणारा बूट आला. भार अजून नाहीच.

सोळाव्या दिवशी सकाळी अकराला पोचले. घरात निरगुडीच्या तेलाचा वास. त्यांच्या नणंदबाई बुधगावहून मदतीला आल्या होत्या, मोठ्या मायेची बाई. पितळेच्या वाटीत तेल कोमट करून कॉटपाशी बसलेल्या आणि ताईंचा बूट काढायला लागलेल्या.

“काल रात्रीपासून पोटरीत गोळा आलाय हिच्या,” त्या म्हणाल्या. “बूट आवळतोय. जरा चोळलं की सुटतोय बघा.”

“बूट मी काढते,” मी म्हटलं. “तेल राहू दे.”

पाऊल सुजलेलं होतं. ते असणारच, ऑपरेशननंतर पावलाची सूज चार-सहा महिने रेंगाळते. पण पोटरी? ती ताणलेली, चकचकीत, हाताला गरम. बोटानं दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. ताईंनी ओठ दाबले. वांब असता तर येतो, जातो. हे रात्रभर होतं.

टेप काढली. गुडघ्याखाली समोर जो हाडाचा उंचवटा असतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेननं खूण केली. डावी पोटरी ३४. उजवी ३७.५. परत मोजलं. तेवढंच. तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला की आमच्या डोक्यात एकच गोष्ट येते: पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी.

चालताना पोटरीचे स्नायू दर पावलाला शिरा पिळतात, रक्त वर ढकलतात. पायाचा पंपच तो. पट्टीत घोटा अडकला, माणूस कॉटवर पडला की पंप बंद. रक्त साकळतं. गुठळी जागेवर राहिली तर पाय सुजतो, दुखतो. सुटली तर वाहत हृदयातून थेट फुप्फुसात जाते. आणि अशा पोटरीला चोळणं म्हणजे ती सुटायला मदत करणं. कोमट तेलाची वाटी माझ्या गुडघ्यापाशी होती. मी पाच-दहा मिनिटं उशिरा पोचले असते तर? सकाळी मी स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला थांबणार होते, रांग बघून पुढे आले होते.

“धाप लागतेय का? छातीत दुखतंय? खोकला?” काही नव्हतं. नाडी ९६. करोनात घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र त्यांच्या कपाटात होतं, त्यात ऑक्सिजन ९७. सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, “चालवू नका, चोळू नका, लगेच घेऊन या.” नणंदबाईंना मी काय झालंय ते सांगितलं तेव्हा त्यांनी वाटीकडे पाहिलं आणि हात पदराला पुसत राहिल्या. बराच वेळ पुसत राहिल्या.

शेजाऱ्यांच्या गाडीत मागच्या सीटवर पाय लांब करून ताईंना मिरजेला नेलं. डॉप्लर सोनोग्राफीला मी आत थांबले. तपासणी तशी सोपी असते: शिरेवर प्रोब दाबायचा. चांगली शीर दाबली की मिटते, पडद्यावरचं काळं वर्तुळ नाहीसं होतं. मांडीतली मिटली. गुडघ्यामागची मिटली नाही. डॉक्टरांनी दोनदा, तीनदा दाबलं. ते वर्तुळ तसंच उघडं.

पायाच्या पुढच्या भागाच्या ऑपरेशनांनंतर गुठळी होण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून सगळ्यांना सरसकट रक्त पातळ करण्याचं औषध देत नाहीत, धोका बघून ठरवतात. आधी गुठळी झाली होती का, घरात कुणाला झाली का, वजन, कॅन्सर, हार्मोनच्या गोळ्या. हे प्रश्न ताईंना ऑपरेशनआधी विचारले होते, फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेलं. आता परत विचारले. यजमान शेजारी उभे, पुतण्या शेजारी उभा. ताई म्हणाल्या, “बीपीची एक सोडून कुठली गोळी नाही.”

सगळे औषधं आणायला गेले तेव्हा त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

“मॅडम, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या यात येतात का ओ?”

तारीख नेमकी ऑपरेशनच्या आठवड्यात होती. एका पायावर, पडद्यामागं, पुतणे घरात, ते सगळं कसं करायचं? कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पट्टी आणली, दरवर्षी गौरीला आणतात तशीच. दिवसाला तीन. ऑपरेशनच्या चार दिवस आधीपासून सुरू आणि तोपर्यंत चालूच. टाके निघाले की थांबवू, मग वाटलं जरा चालता येऊ दे. “आणि पाणीपण कमीच पीत होते. तुम्हीच म्हणालेलात ना, फेऱ्या कमी करा.”

मी म्हणाले होते. रात्रीच्या, असं म्हणाले होते, पण त्या शब्दाला आता काय किंमत.

त्यांना ते औषध वाटतच नव्हतं. औषध आजारासाठी असतं, हे तर सोयीचं. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात ‘हार्मोनच्या गोळ्या’ म्हणजे कुटुंबनियोजनाच्या. पण पाळी लांबवण्यासाठी जी नॉरएथिस्टेरॉन देतात, ती एवढ्या मात्रेत घेतली की तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या जातीच्या हार्मोनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढवू शकतो. मी जाऊन सर्जनना सांगितलं. ते क्षणभर गप्प झाले, मग स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना फोन केला आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या. कशानं झालं हे छातीठोक सांगता येणार नाही असं ते म्हणाले: ऑपरेशन, पट्टी, पडून राहणं, कमी पाणी, गोळ्या, सगळं एकात एक. बरोबरच आहे. तरी घरी परतताना माझ्या डोळ्यांसमोर तो तांब्याच होता.

रक्त पातळ करणारं औषध तीन महिने चाललं. चार दिवसांनी पाळी आली, आणि औषधामुळं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. ज्या गोष्टीसाठी एवढी लपवाछपवी, ती दुपटीनं. नणंदबाईंनी सगळं निभावलं, पडदा, बादल्या, कपडे. पुतण्यांना काही कळलंही नाही, किंवा कळलं आणि काही बिघडलं नाही.

सहाव्या आठवड्यानंतर टाचेवर भार, मग हळूहळू पूर्ण पाय. पाचव्या महिन्यात ताई केंद्रावर परतल्या, तव्यापुढे उंच स्टूल टाकून. स्टुलाची उंची अर्थात मीच मोजली. मध्ये मध्ये उठून दहा-वीस वेळा टाचा वर-खाली करतात, गिऱ्हाइकांना वाटतं बाईंना काही गाणं सुचतंय.

माझ्या यादीत आता उंबऱ्याच्याही आधी एक प्रश्न आहे. तो मी घरातल्या पुरुषांना वॉकर बघायला नाहीतर चहाचं सामान आणायला पाठवून मगच विचारते, आणि ‘हार्मोन’ हा शब्द वापरत नाही. सरळ म्हणते, “पाळी पुढं ढकलायला काही घेतलंय का, किंवा घ्यायचं मनात आहे का?” पहिल्या चार घरांत ‘नाही’ आलं. पाचव्या घरातली बाई माझ्याकडे बघत राहिली, मग उठून लंगडत गेली आणि दार लावून आली.