ॲडमिनिस्ट्रेशन काय शिकायचं असतं, ते तर कारकून करतात

आपल्याकडे प्रिन्सिपल कसा होतो ते बघा. एखादे सर शुक्रवारपर्यंत सेकंड इयरला टायट्रेशनचं प्रॅक्टिकल घेत असतात आणि सोमवारपासून त्यांच्या टेबलावर बजेट, रोस्टर, कोर्टाची नोटीस, होस्टेलच्या मेसची तक्रार आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, फाइल. मधे काय तो शनिवार-रविवार, तेवढंच ट्रेनिंग. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम काढून बघितले तर पीएच.डी. पाहिजे, १५ वर्षांचा अनुभव पाहिजे, किमान १० पेपर पाहिजेत, रिसर्च स्कोर ११० पाहिजे, मग पाच वर्षांची टर्म. सगळं ठीक आहे हो, पण या माणसाला ताळेबंद वाचता येतो का, मिटिंग चालवता येते का, दोन भांडणारी डिपार्टमेंटं एका खोलीत बसवता येतात का, हे कुणी विचारतच नाही.

मी बडोद्यात एका सेल्फ फायनान्स कॉलेजात शिकवते, म्हणजे नावाला शिकवते, बाकी वेळ आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या क्वालिटी सेलचे, रिपोर्ट भरते, आणि त्यातूनच एज्युकेशनल ॲडमिनिस्ट्रेशनकडे वळले, आधी एम.एड. केलं, आता पीएच.डी. चालू आहे. घरच्या कार्यात कुणीतरी काका विचारतातच, विषय काय गं तुझा? सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, "ॲडमिनिस्ट्रेशन काय शिकायचं असतं, ते तर कारकून करतात." आता मी वाद घालत नाही, कारण काकांचं अर्धं वाक्य बरोबर आहे. करतात कारकूनच. पण ते नक्की काय करतात आणि का करतात हे कळायला मला पुस्तकंही लागली आणि ऑफिसातली खुर्चीही.

आमच्याकडे गर्ल्स कॉमन रूमसाठी वॉटर कूलर घ्यायचा होता. एकच. तर मुलींचा अर्ज इनवर्डला पडला, त्यावर नोट तयार झाली, नोटेवर "चर्चा करावी" असा शेरा आला, मग तीन कोटेशन, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट, परचेस कमिटी, मंजुरी, वर्क ऑर्डर, आणि कूलर दारात आल्यावरही आधी डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, एंट्री, मगच बिल. तोवर उन्हाळा संपत आला होता. मी वैतागून आमच्या ओएसकडे गेले, म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडंट, रिटायरमेंटला आलेले गृहस्थ, मराठी आपल्यासारखं बोलतात पण समोर बाई असली की "बेन" म्हणतातच. त्यांनी मला ती फाइल उलटी वाचायला लावली, शेवटच्या पानापासून मागे. म्हणाले बेन, यातला प्रत्येक कागद कुठल्या तरी जुन्या लफड्यावरचा उपाय आहे. तीन कोटेशन का, तर कुणीतरी मेहुण्याच्या दुकानातून माल उचलला होता म्हणून. डेडस्टॉक का, तर पंखे कुणाच्या तरी घरी फिरत होते म्हणून. मी विचारलं, आणि "चर्चा करावी" कशासाठी? तर हसले. "निर्णय घ्यायचा नसला की ते लिहायचं असतं."

त्यानंतर एम.एड.च्या वर्गात मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ आला, नोकरशाही म्हणजे लेखी नियम, ठरलेले अधिकार, फाइल, माणूस बदलला तरी काम तेच, तेव्हा मला वेगळं काही पाठ करावं लागलं नाही. खरी मजा पुढे आली. १९७६ साली कार्ल वाइक नावाच्या माणसाने मांडलं की शिक्षणसंस्था या "लूजली कपल्ड" असतात, म्हणजे वरून फतवा निघतो पण वर्गाचं दार बंद झाल्यावर आत मास्तर आपल्याच पद्धतीने शिकवतो, दोन्ही एकमेकांना बांधलेले, पण दोरी ढिली. आणि वाइक याला नुसता दोष म्हणत नाही हे मला फार आवडलं, कारण त्या ढिल्या दोरीमुळेच वरचा एक मूर्ख निर्णय सगळी संस्था खाली ओढत नाही. त्याच्याही आधी, १९७२ मधे, कोहेन, मार्च आणि ओल्सन या तिघांनी युनिव्हर्सिटीत निर्णय कसे होतात त्याचं "गार्बेज कॅन मॉडेल" दिलं. प्रॉब्लेम, उपाय, माणसं आणि मिटिंगा हे चार ओघ आपापल्या वाटेने वाहत असतात आणि ज्या दिवशी जे एकत्र सापडेल त्याचा निर्णय होतो, म्हणजे कधीकधी उपायच प्रॉब्लेम शोधत फिरत असतो.

हे वाचून मी हसतच सुटले कारण आमच्या एका मिटिंगचा अजेंडा होता पहिल्या वर्षाची गळती, म्हणजे मुलं सेकंड सेमला का येत नाहीत. सुरुवात छान झाली, कुणीतरी म्हणालं बसचा पास, कुणी म्हणालं इंग्लिश झेपत नाही, हे बरोबरच होतं, वाघोडिया-डभोईकडून येणारी गुजराती मीडियमची पोरं एकदम इंग्लिश लेक्चरला बसतात. तेवढ्यात एकांच्या फोल्डरमधे स्मार्टबोर्डचं कोटेशन होतं. व्हेंडर सकाळीच देऊन गेला होता. झालं, पाऊण तासात ठराव पास, "विद्यार्थ्यांचा रस टिकवण्यासाठी" तीन स्मार्टबोर्ड. गळतीचा विषय पुढच्या मिटिंगला. मिनिट्स मीच लिहिले आणि फोटोही मीच काढला, जिओटॅगवाला, कारण नॅकला लागतो. नॅकच्या सात क्रायटेरियांच्या पद्धतीत सहावा "गव्हर्नन्स, लीडरशिप अँड मॅनेजमेंट", हजारातले १०० मार्क त्याला, आणि आम्ही लीडरशिपचा पुरावा म्हणून सहसा काय जोडतो तर टेबलाभोवती बसलेल्या लोकांचा फोटो.

बडोद्यात हा विषय शिकण्यात एक वेगळंच सुख आहे ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एमएसयूच्या, म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीच्या, फॅकल्टी ऑफ एज्युकेशन अँड सायकॉलॉजीत एज्युकेशनल ॲडमिनिस्ट्रेशनचं स्वतंत्र डिपार्टमेंट आहे, आणि शेजारीच केस, सेंटर ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडी इन एज्युकेशन, जिथून बुच सरांनी १९७४ मधे देशभरातल्या शिक्षण-संशोधनाचा पहिला सर्व्हे काढला. पण मी त्याच्याही मागे जाते. आपण बडोदा संस्थानच्या सयाजीराव महाराजांना "शाळा काढल्या, स्कॉलरशिपा दिल्या, आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं" एवढ्यात गुंडाळतो, म्हणजे दानशूर राजा. मला ते ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून जास्त भारी वाटतात. सक्तीचं प्राथमिक शिक्षण त्यांनी एकदम सगळ्या राज्यावर लादलं नाही, १८९३ मधे अमरेलीकडे थोड्या गावांत करून बघितलं, पुढची दहा-बारा वर्षं त्यातल्या अडचणी बघत बसले, आणि १९०६ मधे सगळ्या राज्याला लावलं, पोरांना न पाठवणाऱ्या आईबापांना दंडासकट. आज ज्याला पायलट म्हणून पीपीटी दाखवतात ते हेच. हुकूम काढणं सोपं, पटावर नाव चढवणं वेगळं आणि शेतातलं पोर खरंच वर्गात येऊन बसणं त्याहून वेगळं, या तिन्हींमधलं अंतर त्या माणसाला दिसत होतं. लायब्ररीचंही तसंच, १९१० मधे अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या लायब्रेरियनना बोलावलं, तर नुसती पुस्तकं नाही मांडली, ती चालवणारी माणसं तयार करायला ट्रेनिंगचा क्लास काढला, खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आम्ही शंभर वर्षांनंतर स्मार्टबोर्ड घेतो आणि तो चालू कसा करायचा ते कुणालाच दाखवत नाही!

आणि हंसाबेन मेहता. १९४९ मधे एमएसयू झाली तेव्हाच्या पहिल्या व्हाइस चान्सलर, १९५८ पर्यंत होत्या, म्हणजे होम सायन्स, फाइन आर्ट्स, सोशल वर्क या सगळ्या फॅकल्ट्यांची घडी त्यांच्याच काळात बसली. २०१८ च्या नियमांत व्हीसीला दहा वर्षं प्रोफेसर म्हणून, नाहीतर नावाजलेल्या संशोधन किंवा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत काम केलेलं लागतं, त्या हिशोबाने हंसाबेनचा अर्ज बहुतेक स्क्रुटिनीतच बाद झाला असता. २०२५ च्या जानेवारीत यूजीसीने ड्राफ्ट काढला त्यात इंडस्ट्री, सरकारी प्रशासन वगैरेतल्या सीनियर लोकांनाही व्हीसीपद उघडं करायचं सुचवलं, त्यावर मोठी ओरड झाली. मला दोन्ही बाजू थोड्या खोट्या वाटतात. युनिव्हर्सिटी चालवायला प्रोफेसरच असावं लागतं असं नाही हे हंसाबेनवरून दिसतं, पण कंपनी चालवली म्हणून येते असंही नाही, कारण कंपनीत दोरी एवढी ढिली नसते. तसंच आपल्याकडे २०२३ च्या गुजरात पब्लिक युनिव्हर्सिटीज ॲक्टने एमएसयूचा स्वतःचा कायदा गेला, सेनेट-सिंडिकेट ही कारभार बघणारी जुनी मंडळं गेली, बोर्ड ऑफ मॅनेजमेंट आलं. बडोद्यात यावर बोलायला सगळ्यांना आवडतं, रावपुऱ्यात सेव-उसळ खाताखातासुद्धा. या अभ्यासाने मला सवय लावली ती अशी की मत बनवायच्या आधी कलम उघडायचं, बोर्डावर किती जण निवडून आलेले, किती नेमलेले, नेमणारा कोण, मोजायचं, मग बोलायचं.

आता अमेरिकेचं, कारण आपलं गाव पडलं बडोदं, इथे अलकापुरीत दर दुसऱ्या मजल्यावर व्हिसा कन्सल्टंट. माझ्या मावसबहिणीची मुलगी मला विचारत होती, मावशी मी तिकडे एज्युकेशनल लीडरशिपमधे मास्टर्स करू का, कन्सल्टंट म्हणतोय ॲडमिशन सोपी मिळते. मी तिला आधी एवढंच सांगितलं की नावावर जाऊ नकोस, ही दोन वेगळी दुकानं आहेत. एज्युकेशनल लीडरशिप म्हणजे तिकडे बहुतेक वेळा शाळेकडची वाट, प्रिन्सिपल, सुपरिंटेंडंट, त्यासाठी त्या-त्या राज्याचं लायसन्स लागतं आणि साधारणपणे तिथल्या शाळेत शिकवल्याचा अनुभव लागतो, म्हणजे बडोद्याहून बी.कॉम. करून गेलेल्या मुलीला ती डिग्री भिंतीवर लावायला. हायर एज्युकेशन ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे कॉलेजचं ऑफिस, ॲडमिशन, फायनान्शियल एड, होस्टेल, ॲडव्हायझिंग, स्टुडंट अफेअर्स, आणि तिकडे स्टुडंट अफेअर्स हा चक्क प्रोफेशन आहे, त्यांची एक संघटना १९१९ पासून चालू आहे. आपल्याकडे होस्टेलचा रेक्टर म्हणजे ज्याला नाही म्हणता आलं नाही तो!

तिकडे दोन वर्षांच्या मास्टर्समधे बऱ्याच ठिकाणी ग्रॅज्युएट असिस्टंटशिप असते, ऑफिसात आठवड्याला वीस तास काम, बदल्यात फी माफ किंवा कमी आणि थोडा पगार, आणि मला विचाराल तर खरं शिक्षण तेच. असिस्टंटशिप नसेल तर एवढं कर्ज या विषयासाठी काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अजून एक गोष्ट कन्सल्टंट स्वतःहून बोलत नाही, हे कोर्स सहसा स्टेममधे, म्हणजे सायन्स-टेक्नॉलॉजीच्या यादीत, धरत नाहीत, त्यामुळे ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी, बारा महिन्यांचीच, कम्प्युटरवाल्यांसारखी तीन वर्षं नाही. उलट बाजूने, युनिव्हर्सिटीत नोकरी लागली तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी लॉटरीतून जावं लागत नाही, कारण युनिव्हर्सिट्या त्या कोट्याच्या बाहेर आहेत. पण बारा महिन्यांत व्हिसा करून देणारी युनिव्हर्सिटी सापडायला पाहिजे, आणि एंट्री लेव्हलच्या ॲडव्हायझरसाठी तो खर्च कितीजण करतील हे तिने स्वतः विचारून बघावं, तिथे शिकत असलेल्या मुलांना, कन्सल्टंटला नव्हे. एड.डी.चा, म्हणजे डॉक्टर ऑफ एज्युकेशनचा, मोह आत्ता नकोच. ती डॉक्टरेट नोकरीत असलेल्या लोकांसाठी असते, स्वतःच्या संस्थेतला एक खरा प्रश्न घेऊन त्यावर काम करायचं असतं. संस्थाच नसेल तर प्रश्न कुठून आणणार?

इथे राहून करायचं तर इग्नूचा एज्युकेशनल मॅनेजमेंट अँड ॲडमिनिस्ट्रेशनचा पीजी डिप्लोमा आहे, नोकरी सांभाळून होतो. दिल्लीला निएपा, म्हणजे शिक्षणाच्या नियोजन-प्रशासनाची राष्ट्रीय संस्था, आहे, हा विषय देशात सगळ्यात गंभीरपणे तिथेच होतो. बी.एड. झालं असेल तर एम.एड. आहेच. एवढं मात्र धरून चालायचं की यातलं काही केल्याने उद्या कुणी तुम्हाला रजिस्ट्रार करणार नाही, जाहिरातीत या डिग्रीसाठी वेगळा रकाना नसतो. माझ्या पगारात एम.एड.ने काही फरक पडला नाही. फरक पडला तो मिटिंगमधे, आता "चर्चा करावी" आलं की मी विचारते, कोण, कधी, कुणाशी, आणि ते लिहून घेते. थोडी अप्रिय झालेय, चालायचंच.

आणि वय. बावीसाव्या वर्षी हा विषय घेऊ नका, निदान दोन ॲडमिशन सीझन कुठल्या तरी कॉलेजच्या खिडकीमागे बसा. आता जीकॅसचं, म्हणजे गुजरातच्या कॉलेजांच्या सामायिक ॲडमिशनचं, पोर्टल आल्यापासून तर ती खिडकी बघण्यासारखी असते, फॉर्ममधे नाव एक, मार्कशीटवर एक, ओटीपी गेलेला वडिलांच्या बंद पडलेल्या नंबरवर, मुलगी रडवेली, आणि आतला शिपाई शांतपणे सांगतो, "साहेब मिटिंगमां छे, काले आवजो." त्या मुलीचं काम त्याच दिवशी कसं करायचं, नियम न मोडता, हे ज्याला सुचतं त्याने खुशाल अर्ज करावा. एसओपी, म्हणजे अर्जासोबतचा 'मला हे का शिकायचंय' निबंध, लिहिलात की मला पाठवा, मी वाचून देईन, फक्त पहिल्याच ओळीत "मला लहानपणापासून लीडरशिपची आवड आहे" दिसलं तर पुढे वाचणार नाही.